लाकडी कोळसा: भट्टी, साठवण आणि शेगडी पेटवण्याची योग्य पद्धत

हिवाळा सुरू झाला की कृषी पर्यटन केंद्रे, रस्त्याकडेचे धाबे आणि शेतावरच्या जेवणावळींत लाकडी कोळशाची मागणी वाढते. मक्याची कणसे, भरताची वांगी, रताळी, मासे, कोंबडी असे पदार्थ निखाऱ्यावर भाजायला ग्राहकांची पसंती असते. दुसरीकडे बांधावर, नाल्याकाठी आणि पडीक रानात माजलेल्या वेड्या बाभळीचे करायचे काय, हा प्रश्न अनेक शेतकऱ्यांपुढे असतो. या लाकडापासून घरच्या वापरापुरता किंवा पर्यटन केंद्रापुरता चांगला कोळसा शेतावरच तयार करता येतो.

मात्र कोळसा लवकर पेटत नाही, धूर फार होतो, तडतडून ठिणग्या उडतात, अन्नाला उग्र वास येतो अशा तक्रारी नेहमी ऐकायला मिळतात. यांचे मूळ बहुतेक वेळा पेटवण्यात नसते. ओले लाकूड, वेळेआधी बंद केलेली भट्टी किंवा दमट जागेतील साठवण यांपैकी एक कारण असते. म्हणजे धूर दिसला की आधीच्या कुठल्या तरी टप्प्यावरचे काम अपुरे राहिले आहे, असे समजावे.

याची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. धूर दिसत नाही म्हणजे शेगडी सुरक्षित आहे, असे अजिबात नाही. बिनधुराच्या निखाऱ्यातूनच बंद खोलीत जीव घेणारा वायू बाहेर पडतो. त्याची माहिती पुढे स्वतंत्रपणे दिली आहे. लेखाचा इतर भाग वाचायला वेळ नसेल, तरी तो भाग जरूर वाचावा.

लाकडाचा कोळसा होताना काय घडते?

लाकूड मोकळ्या हवेत पेटवले तर त्याची राख होते. हवा अगदी मर्यादित ठेवून तापवले तर कोळसा होतो. ही क्रिया तीन टप्प्यांत होते.

- पहिल्या टप्प्यात लाकडातील पाण्याची वाफ होते. सर्व पाणी निघून जाईपर्यंत लाकडाचे तापमान फारसे वाढत नाही.
- सुमारे २७० ते २८० अंश सेल्सिअसला लाकडाचे विघटन वेगाने सुरू होते. डांबरी द्रव्ये, आम्लयुक्त वाफा आणि ज्वलनशील वायू बाहेर पडतात. या टप्प्यावर लाकूड स्वतःही उष्णता देऊ लागते.
- तापमान ४०० ते ५०० अंशांपर्यंत पोचले की बहुतेक डांबरी द्रव्ये निघून जातात आणि कर्बाचे प्रमाण वाढते.

चांगल्या लाकडी कोळशात स्थिर कर्ब साधारण ७५ टक्के असतो. उरलेल्या भागात उडून जाणारी द्रव्ये, राख आणि थोडा ओलावा असतो. भट्टी लवकर बंद केली तर डांबरी द्रव्ये कोळशात अडकून राहतात. तीच पुढे शेगडीत धूर आणि उग्र वास देतात.

वाळलेले सरपण किलोला साधारण ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी उष्णता देते, तर चांगला कोळसा सुमारे ७,००० किलोकॅलरी देतो. परंतु १०० किलो वाळलेल्या लाकडापासून साध्या भट्टीत १५ ते २५ किलोच कोळसा मिळतो. म्हणजे १ किलो कोळशासाठी ४ ते ७ किलो लाकूड लागते. हा हिशोब लक्षात ठेवावा. चांगली सावली, फळे किंवा चारा देणारे झाड कोळशासाठी तोडणे कधीच परवडत नाही. नको असलेले झुडूप, छाटणीच्या फांद्या आणि वाया जाणारे लाकूड यांचाच वापर करावा.

कोणते लाकूड निवडावे?

- वेडी बाभूळ: लाकूड कठीण आणि जड असते. कोळसा घट्ट होतो, निखारा बराच वेळ टिकतो. तमिळनाडूतील रामनाथपुरम आणि गुजरातमधील कच्छ भागात याच झाडापासून मोठ्या प्रमाणावर कोळसा तयार होतो. हे झाड मूळचे अमेरिका खंडातील असून आपल्याकडे आक्रमक तण म्हणून पसरले आहे.
- बाभूळ: कोळसा उत्तम मिळतो. मात्र देशी बाभूळ बांधावरचे उपयुक्त झाड आहे. छाटणीच्या फांद्यांपुरताच वापर करावा.
- सुबाभूळ: पाला चाऱ्याला वापरल्यावर उरलेल्या जाड फांद्यांचा कोळसा करता येतो. तो मध्यम प्रतीचा असतो.
- सुरू: किनारपट्टीवर उपलब्ध. लाकूड जड, कोळसा चांगला.
- नारळाच्या करवंट्या: कोकणातील शेतकऱ्यांसाठी सोयीचा कच्चा माल. कोळसा कठीण आणि जास्त आच देणारा असतो. तुकडे पातळ असल्याने शेगडीत थर घट्ट बसतो, म्हणून लाकडी कोळशात मिसळून वापरावा.
- आंबा व इतर हलकी लाकडे: कोळसा हलका, लवकर पेटणारा आणि लवकर संपणारा. पेटवणीसाठी उपयोगी.

कण्हेर, शेर यांसारख्या विषारी किंवा चीक असलेल्या झाडांचे लाकूड वापरू नये. रंग दिलेले, पॉलिश केलेले लाकूड, प्लायवूड आणि रसायनांची प्रक्रिया केलेले खांबही भट्टीत टाकू नयेत. त्यातील घातक घटक धुरातून आणि राखेतून पसरतात.

वेडी बाभूळ फक्त जमिनीलगत तोडली तर बुंध्याला पुन्हा अनेक फुटवे येतात आणि झुडूप पूर्वीपेक्षा दाट होते. जमीन मोकळी करायची असल्यास जमिनीखाली २० ते ३० सेंमीपर्यंत खणून खोडाचा गड्डा मुळासकट काढावा. काट्यांमुळे खोल जखमा होतात. जाड तळाचे बूट आणि चामडी हातमोजे वापरावेत.

तोड आणि वाहतुकीपूर्वी परवानगी

भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार कोळसा हा वनोपज मानला जातो, मग तो जंगलातून आणलेला असो वा नसो. त्यामुळे स्वतःच्या शेतातील लाकडाचा कोळसाही परवान्याविना गाडीत भरून नेल्यास अडचण येऊ शकते. महाराष्ट्रात ठरावीक जातींची झाडे खासगी जमिनीवर असली तरी ती तोडण्यापूर्वी १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परवानगी लागते. तोड करण्यापूर्वी आणि विक्रीसाठी कोळसा बाहेर नेण्यापूर्वी आपल्या भागातील वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारणा करावी.

भट्टीच्या कामाला मजूर लावणार असल्यास मजुरी रोख आणि वेळेवर द्यावी. रायगड, ठाणे परिसरातील कातकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कोळसाभट्ट्यांच्या कामावर जात आली आहेत. भट्टीचे त्यांचे ज्ञान मोठे आहे, पण उचलीच्या बदल्यात हंगामभर अडकून पडण्याचा त्रासही त्यांनीच सोसला आहे. उचल फेडण्यासाठी मजुराला कामावर बांधून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानुसार गुन्हा आहे.

लाकूड वाळवणे

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात साधारण ३५ ते ५० टक्के पाणी असते. असे लाकूड भट्टीत घातले तर त्यातील बराच भाग फक्त पाणी उडवण्यासाठी जळून जातो. कोळसा कमी मिळतो आणि मधला भाग कच्चा राहतो.

- लाकडाचे ३० सेंमीपर्यंत लांब आणि ३ ते ८ सेंमी जाड तुकडे करावेत. जास्त जाड ओंडके उभे फोडून घ्यावेत.
- एका भट्टीत शक्यतो सारख्या जाडीचे तुकडे भरावेत. बारीक काड्या आणि जाड ओंडके एकत्र भरल्यास काड्यांची राख होते आणि ओंडके कच्चे राहतात.
- जाड साल सुटत असल्यास काढून टाकावी. सालीमुळे राख वाढते आणि ठिणग्या उडतात.
- दगड किंवा विटांवर, जमिनीपासून थोडे उंच, आडवे-उभे थर देऊन रचावे. हवा खेळती राहिली पाहिजे.
- उन्हाळ्यात २ ते ३ महिने वाळवावे. पावसाळ्यापूर्वी आच्छादनाखाली घ्यावे.

लाकूड वाळले की नाही हे ओळखण्यासाठी ढिगातील चार-पाच तुकड्यांवर खूण करून दर आठवड्याला त्यांचे वजन करावे. सलग दोन आठवडे वजन घटले नाही तर लाकूड भट्टीयोग्य झाले. टोकांना तडे पडणे आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यावर टणक आवाज येणे, हीदेखील वाळल्याची लक्षणे आहेत.

२०० लिटरच्या ड्रममधील भट्टी

मातीने झाकलेली पारंपरिक भट्टी मोठ्या प्रमाणासाठी ठीक असते, पण तिच्यावर रात्रंदिवस लक्ष ठेवावे लागते. घरगुती गरजेसाठी २०० लिटरचा लोखंडी ड्रम सोयीचा ठरतो.

*ड्रमची तयारी*

कीटकनाशक, तणनाशक किंवा इतर रसायनांचा ड्रम कधीही वापरू नये. तेलाचा ड्रम असल्यास आतील अवशेष पूर्ण धुऊन मगच तो कापायला द्यावा. आत तेलाची वाफ राहिल्यास कापताना स्फोट होतो. ड्रमचे एक तोंड पूर्ण कापून त्याचे झाकण जपून ठेवावे. तळाला सुमारे ५ सेंमी व्यासाची पाच छिद्रे पाडावीत.

*जागा*

कडब्याची गंजी, उभा ऊस, कापसाचा साठा, गोठा आणि विजेच्या तारांपासून लांब मोकळी जागा निवडावी. भोवतालचे गवत काढून टाकावे. जोराच्या वाऱ्यात भट्टी लावू नये. पाण्याची टाकी आणि ओल्या मातीचा ढीग आधीच तयार ठेवावा.

*भट्टी लावण्याची पद्धत*

१. ड्रम तीन विटांवर उभा ठेवावा, म्हणजे तळाच्या छिद्रांतून हवा आत जाईल.

२. तळाशी वाळलेल्या काड्या, तुराट्या किंवा नारळाची शेंडी पेटवावी.

३. जाळ स्थिर झाल्यावर आधी लहान आणि नंतर मोठे तुकडे थोडे थोडे टाकत जावे. एकदम भरल्यास जाळ दबतो.

४. ड्रम भरून वरपर्यंत जाळ धरल्यावर झाकण ठेवावे. धूर जाण्यासाठी एका बाजूला बोटभर फट ठेवावी.

५. पहारीने ड्रम किंचित उचलून विटा काढाव्यात. तळाभोवती माती लावून एक-दोन ठिकाणीच हवेसाठी वाट ठेवावी.

६. धुराच्या रंगावर लक्ष ठेवावे. ड्रमच्या भट्टीला लाकडाच्या जाडीनुसार साधारण ३ ते ४ तास लागतात.

७. धूर विरळ आणि निळसर झाला की तळाची वाट ओल्या मातीने बंद करावी. झाकण पूर्ण बसवून कडेने चिखल लिंपावा.

८. १२ ते २४ तास भट्टीला हात लावू नये. ड्रमचा पत्रा सर्व बाजूंनी गार लागल्याशिवाय झाकण उघडू नये. आत निखारा जिवंत असेल तर हवा मिळताच संपूर्ण कोळसा पेट घेतो.

धुराचा रंग काय सांगतो?

- पांढरा, दाट, ओलसर धूर: पाण्याची वाफ निघत आहे. भट्टी बंद करू नये.
- पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा धूर: डांबरी द्रव्ये बाहेर पडत आहेत. हवा मर्यादित ठेवावी, पण भट्टी बंद करू नये.
- विरळ, निळसर धूर: कोळसा तयार होत आला. बंद करण्याची हीच वेळ.
- धूर नाही, वर तापलेल्या हवेची लहर दिसते: कोळसा स्वतः जळू लागला आहे. ताबडतोब सर्व फटी लिंपाव्यात, नाहीतर राख हाती लागेल.

बहुतेक भट्ट्या पिवळसर धुराच्या टप्प्यावर घाईने बंद केल्या जातात. वजन थोडे जास्त मिळते, पण असा कच्चा कोळसा ग्राहक दुसऱ्यांदा घेत नाही. भट्टीचा धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला उभे राहावे. गरोदर महिला, लहान मुले आणि दम्याचे रुग्ण यांना या कामापासून दूर ठेवावे.

प्रतवारी

चांगल्या कोळशाचा तुकडा मोडल्यावर आतून काळा आणि चमकदार दिसतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटल्यास काचेसारखा किंवा धातूसारखा आवाज येतो. तपकिरी रंगाचे, जड आणि सहज न मोडणारे तुकडे कच्चे असतात. ते वेगळे काढून पुढील भट्टीत टाकावेत.

- ३ ते ८ सेंमी: शेगडी आणि ग्रिलसाठी सर्वांत योग्य.
- ८ सेंमीपेक्षा मोठे: फोडून घ्यावेत किंवा जास्त वेळ आच हवी असल्यास ठेवावेत.
- २ ते ३ सेंमी: पेटवणीसाठी तळाला वापरावेत.
- २ सेंमीपेक्षा लहान व चुरा: शेगडीत घालू नये. हवा अडते आणि धूर होतो. याचा उपयोग पुढे दिला आहे.

प्रत्येक भट्टीची नोंद ठेवावी: घातलेल्या लाकडाचे वजन, मिळालेला कोळसा, कच्चे तुकडे आणि चुरा. समजा ७० किलो वाळलेल्या लाकडातून १४ किलो कोळसा निघाला, तर उतारा २० टक्के झाला. पुढच्या वेळी उतारा घटला तर ओले लाकूड, उशिरा बंद केलेली भट्टी किंवा फट राहणे यांपैकी कारण शोधता येते.

साठवण

- भट्टीतून काढलेला कोळसा किमान २४ तास मोकळ्या हवेत, पातळ थरात पसरून ठेवावा. ताजा कोळसा हवेतील प्राणवायू शोषून घेताना गरम होतो. तो लगेच पोत्यात भरल्यास आपोआप पेटण्याचा धोका असतो.
- या काळात तो घर, गोठा किंवा गंजीजवळ ठेवू नये.
- कोळसा हवेतील ओलावा सहज शोषतो. झाकणाचे पत्र्याचे डबे किंवा आतून प्लॅस्टिकचे अस्तर असलेली पोती वापरावीत. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावीत.
- खते, कीटकनाशके आणि डिझेल यांच्या शेजारी साठवू नये. कोळसा वास आणि वाफा शोषून घेतो.
- पावसाळ्यात दमट झालेला कोळसा वापरण्यापूर्वी दिवसभर कडक उन्हात पसरावा.

शेगडी किंवा ग्रिल पेटवण्याची पद्धत

*पूर्वतयारी*

मागच्या वेळची राख काढून टाकावी. राखेने तळाची छिद्रे बुजलेली असतील तर कितीही वारा घातला तरी कोळसा धरत नाही. शेगडी मोकळ्या जागेत, सपाट जमिनीवर ठेवावी. साधारण ४० बाय ६० सेंमी आकाराच्या ग्रिलला एका वेळी सुमारे २ किलो कोळसा पुरतो.

*पत्र्याच्या डब्याचे धुरांडे*

ही सर्वांत सोपी आणि कमी धुराची पद्धत आहे. १५ किलो खाद्यतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यावा. त्याची दोन्ही तोंडे कापावीत. तळापासून ८ ते १० सेंमी उंचीवर लोखंडी सळया आरपार घालून जाळी करावी. जाळीच्या खालच्या भागात चारही बाजूंना छिद्रे पाडावीत. बाहेरून लाकडी मूठ पक्की बसवावी. पहिल्यांदा डबा रिकामाच मोकळ्या जागेत चांगला तापवून त्यावरील रंग आणि लेप जाळून टाकावा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापरू नये. तापल्यावर त्यातून घातक वाफा निघतात.

१. जाळीखाली नारळाची शेंडी, वाळलेल्या तुराट्यांचे तुकडे किंवा साध्या वर्तमानपत्राचे दोन कागद सैलसर चुरगळून ठेवावेत. कागदाला थोडे खाद्यतेल पुसल्यास तो जास्त वेळ जळतो.

२. जाळीवर आधी लहान आणि त्यावर मध्यम तुकडे भरावेत. २ किलोसाठी डबा साधारण अर्धा ते पाऊण भरतो. तुकडे दाबून बसवू नयेत.

३. खालून दोन-तीन ठिकाणी पेटवावे. गरम हवा वर जाते आणि खालून ताजी हवा आपोआप ओढली जाते. फुंकण्याची गरज पडत नाही.

४. सुरुवातीला काही मिनिटे धूर येईल. १५ ते २० मिनिटांत वरच्या तुकड्यांच्या कडांवर पांढरी राख दिसू लागली की कोळसा तयार झाला.

५. चामडी हातमोजे घालून निखारे सावकाश शेगडीत ओतावेत. अनवाणी पायाने किंवा पदर, ओढणी मोकळी सोडून हे काम करू नये.

*डबा नसल्यास*

शेगडीच्या मधोमध पेटवण ठेवून त्यावर लहान तुकड्यांचा आणि बाहेरून मध्यम तुकड्यांचा शंकूसारखा ढीग रचावा. खालून पेटवावे. जाळ धरेपर्यंत ढीग हलवू नये. या पद्धतीला २५ ते ३० मिनिटे लागतात. नंतर निखारे पसरावेत.

*काय टाळावे?*

- रॉकेल, पेट्रोल, डिझेल किंवा थिनर वापरू नये. अन्नाला वास लागतो. पेटत्या कोळशावर असे इंधन ओतल्यास भडका थेट हातातल्या बाटलीपर्यंत येतो.
- प्लॅस्टिक, टायरचे तुकडे, चकचकीत छापील कागद आणि औषधांची खोकी पेटवणीला घेऊ नयेत.
- दगडी कोळसा अन्न भाजण्यासाठी वापरू नये. त्यातील गंधकयुक्त धूर अपायकारक असतो.

आच कशी राखावी?

निखारे संपूर्ण शेगडीत सारखे पसरू नयेत. दोन तृतीयांश भागात थर द्यावा आणि एक तृतीयांश भाग रिकामा ठेवावा. पदार्थ करपू लागला किंवा तेल गळून जाळ उठला, तर तो रिकाम्या भागावर सरकवता येतो.

आच मोजण्यासाठी जाळीच्या १२ ते १५ सेंमी वर तळहात धरावा.

- २ ते ३ सेकंदांत हात काढावा लागला तर आच तीव्र: मक्याची कणसे, मासे.
- ४ ते ५ सेकंद सहन झाले तर मध्यम: कोंबडीचे तुकडे, पनीर, भाज्या.
- ६ ते ८ सेकंद सहन झाले तर मंद: रताळी, भरताची वांगी सावकाश शिजवण्यासाठी.

आच वाढवायची तर खालची हवेची वाट उघडावी, कमी करायची तर अरुंद करावी. कोळसा वाढवायचा असल्यास तो डब्यात वेगळा पेटवून मगच शेगडीत टाकावा. न पेटलेले तुकडे थेट अन्नाखाली टाकल्यास सुरुवातीचा सर्व धूर पदार्थाला लागतो. कोंबडीचे मांस बाहेरून लाल झाले तरी आत कच्चे राहू शकते. आतील तापमान ७४ अंश सेल्सिअस होणे आवश्यक आहे. करपलेला काळा भाग काढून टाकावा.

बिनधुराचा धोका: कार्बन मोनॉक्साइड

जळत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू सतत बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट जोडला जातो. त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. झोपलेल्या माणसाला काही कळण्यापूर्वीच तो बेशुद्ध होतो. कोळसा कितीही चांगल्या प्रतीचा असला तरी हा वायू निर्माण होतोच.

ग्रामीण भागात पुढील ठिकाणी विशेष काळजी घ्यावी.

- बाळंतिणीची खोली: शेक देण्यासाठी पेटती शेगडी बंद खोलीत ठेवू नये. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. शेक द्यायचाच असेल तर कापड बाहेर गरम करून आणावे.
- पिलांचे शेड: कोंबडीच्या पिलांना ऊब देण्यासाठी कोळशाची शेगडी वापरल्यास पडदे पूर्ण बंद करू नयेत. छताजवळ हवेची वाट ठेवावी. राखणदाराने त्या शेडमध्ये झोपू नये.
- तंबू आणि पर्यटकांच्या खोल्या: जेवण झाल्यावर ऊब मिळावी म्हणून पर्यटक उरलेले निखारे आत नेतात. केंद्रचालकांनी हे स्पष्टपणे मनाई करावे आणि रात्री स्वतः तपासावे.
- शेतावरची खोली, वाहन: थंडीत पाणी द्यायला गेलेल्यांनी दार लावून शेगडीजवळ झोपू नये. वाहनात निखारे ठेवू नयेत.

खिडकी थोडी उघडी ठेवणे पुरेसे नाही. खोलीत पाण्याचे भांडे ठेवल्याने हा वायू कमी होत नाही. निखाऱ्यावर राख पसरली, लाली दिसेनाशी झाली, तरी आत जळण सुरूच असते.

डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, अशक्तपणा आणि गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे आहेत. एकाच जागेतील अनेकांना एकाच वेळी असा त्रास होऊ लागला तर अपचन किंवा थकवा समजून दुर्लक्ष करू नये. सर्वांना तातडीने मोकळ्या हवेत आणावे. आत जाणाऱ्याने आधी दारे-खिडक्या उघडाव्यात. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि कोळशाच्या धुरीची शक्यता डॉक्टरांना सांगावी. बरे वाटले तरी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी.

विझवणे, राख आणि चुरा

झाकणाची शेगडी असल्यास झाकण आणि हवेच्या सर्व वाटा बंद कराव्यात. अर्धवट जळलेले तुकडे पुढच्या वेळी पुन्हा वापरता येतात. उघड्या शेगडीतील निखारे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढून झाकण घट्ट लावावे आणि डबा घराबाहेर ठेवावा. पाणी टाकायचे असल्यास थोडे थोडे, दूर उभे राहून टाकावे. गरम वाफेने हात भाजतो.

वरून थंड दिसणाऱ्या राखेत २४ तासांनंतरही निखारा सापडू शकतो. ती उकिरड्यावर, कडब्याजवळ किंवा प्लॅस्टिकच्या बादलीत टाकू नये.

राख अल्कधर्मी असते. त्यात कॅल्शियम आणि पालाश असते. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत ती थोड्या प्रमाणात उपयोगी पडते. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनींचा सामू आधीच ७.५ ते ८.५ च्या आसपास असतो. तिथे राख वारंवार टाकल्यास लोह आणि जस्ताची उपलब्धता आणखी घटते. माती परीक्षणाचा अहवाल पाहूनच निर्णय घ्यावा. युरियात राख मिसळू नये, नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते.

कोळशाचा चुरा मात्र कुजणाऱ्या शेणखतात किंवा कंपोस्टच्या ढिगात मिसळता येतो. तो ओलावा आणि अन्नद्रव्ये धरून ठेवतो. कोरडा चुरा थेट शेतात टाकल्यास सुरुवातीला तो उपलब्ध नत्र स्वतःकडे ओढू शकतो. म्हणून आधी खतात मुरवूनच वापरावा. चुरा हाताळताना तो थोडा ओला करावा आणि नाकातोंडाला कापड बांधावे.

नेहमीच्या अडचणी आणि उपाय

- कोळसा पेटत नाही: दमट कोळसा, राखेने बुजलेली छिद्रे किंवा चुऱ्याचे जास्त प्रमाण. उन्हात वाळवावा, शेगडी साफ करावी, चाळून घ्यावा.
- पेटल्यानंतरही धूर थांबत नाही: कच्चे तुकडे. चिमट्याने काढून बाजूला करावेत. पुढील भट्टी निळसर धुरापर्यंत चालू ठेवावी.
- तडतडून ठिणग्या उडतात: ओलावा, साल किंवा माती. वाळवणी आणि प्रतवारी सुधारावी. पेटताना चेहरा जवळ नेऊ नये.
- निखारा लवकर संपतो: हलके लाकूड किंवा लहान तुकडे. जड लाकडाचा मोठा कोळसा मिसळावा, खालची हवा कमी करावी.
- भट्टीत राखच जास्त निघते: फट राहिली किंवा भट्टी उशिरा बंद केली. झाकणाची कड चिखलाने पूर्ण लिंपावी.

लक्षात ठेवावे

- लाकूड पूर्ण वाळलेले असावे आणि भट्टी निळसर धुरावर बंद करावी.
- भट्टी गार होईपर्यंत उघडू नये. ताजा कोळसा २४ तास मोकळा ठेवावा.
- कच्चे तुकडे आणि चुरा वेगळा काढून, कोळसा कोरड्या जागी साठवावा.
- शेगडी डब्याच्या धुरांड्याने पेटवावी. रॉकेल, पेट्रोल वापरू नये.
- कडांवर पांढरी राख आल्यावरच अन्न ठेवावे.
- पेटती किंवा विझत आलेली शेगडी बंद जागेत कधीही नेऊ नये.